लेस्टरची पेन्शन, कोल्हापूरचं घर

पत्र लेस्टरहून आलंय. तीन पानं, त्यातली दीड पानं नुसता संताप. संताप रास्त आहे आणि त्याच्याकडे मी येणार आहे, पण आधी हकिगत, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही विषय कळेल.

पत्रलेखक मूळचे कोल्हापूरचे, वय ६६. ब्रिटिश सरकारच्या एका खात्यात ३१ वर्षं नोकरी, साठीला निवृत्ती, मग पाच वर्षं एका खासगी कंपनीत अर्धवेळ काम. पासपोर्ट ब्रिटिश, शिवाय परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड आहे. सरकारी नोकरीची, म्हणजे सिव्हिल सर्व्हिसची पेन्शन वर्षाला ११,४०० पौंड. शिवाय गेल्या नोव्हेंबरात स्टेट पेन्शन सुरू झाली, तीही पूर्ण दराने. एप्रिल २०२६ पासून ती आठवड्याला २४१.३० पौंड आहे. पत्नी ६३ वर्षांच्या, बेकरीतली नोकरी दोन वर्षांपूर्वी सोडली. लेस्टरचं घर कर्जमुक्त, त्यात मुलगा-सून राहतात. राजारामपुरीत दोन बेडरूमचा फ्लॅट घेऊन ठेवलाय. येत्या फेब्रुवारीत कायमचं परतायचं ठरलं होतं, तोवर कुणीतरी सांगितलं की भारतात गेलात की स्टेट पेन्शन गोठते. आता त्यांचे प्रश्न असे: हे खरं का? खरं असेल तर जाणंच रद्द करावं का? एक मित्र म्हणतो, कागदोपत्री मुलाचाच पत्ता राहू दे, कुणाला कळतंय. हे चालेल का? आणि शेवटी, जाड अक्षरात, 'हा अन्याय नाही तर काय?'

नमस्कार. खरं आहे. तुम्ही भारतात कायम राहायला गेलात की ज्या दिवशी जाल त्या दिवसाचा दर हाच तुमचा कायमचा दर. दर एप्रिलला ब्रिटनमध्ये वाढ होईल, ती तुम्हाला मिळणार नाही. पुढच्या वर्षी नाही, दहा वर्षांनीही नाही.

पण पत्रात तुम्ही सगळीकडे 'माझी पेन्शन' असं एकवचनात लिहिलंय, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. तुमच्याकडे पेन्शन दोन आहेत. एक तुमच्या मालकाने, म्हणजे सरकारने मालक या नात्याने दिलेली. ती १९७१ च्या पेन्शन वाढीच्या कायद्याखाली दर एप्रिलला महागाईप्रमाणे वाढते, आणि तुम्ही लेस्टरला राहता की राजारामपुरीत याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. एप्रिल २०२३ मध्ये ती १०.१ टक्क्यांनी वाढली, २०२४ मध्ये ६.७, २०२५ मध्ये १.७, यंदा ३.८. कोल्हापुरात बसूनही ती अशीच वाढेल. दुसरी स्टेट पेन्शन. ती नॅशनल इन्शुरन्सच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी सामाजिक विम्याच्या वर्गणीवर मिळते आणि तीच भारतात गोठते. सरकार एकच, माणूस तोच, पण एका खिडकीवर पेन्शन वाढते आणि शेजारच्या खिडकीवर गोठते. यात तर्क शोधायला जाऊ नका, पण हा फरक पक्का ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा सल्ला त्याच्यावर उभा आहे.

आता गोठण्याची किंमत. स्टेट पेन्शन ब्रिटनमध्ये 'ट्रिपल लॉक'ने वाढते: पगारवाढ, महागाई आणि अडीच टक्के यांतलं जे जास्त असेल तेवढी. यंदा ४.८ टक्के वाढली. पुढची वीस वर्षं कशी जातील हे सांगणारा ज्योतिषी मला भेटलेला नाही, म्हणून हिशेबाला सरासरी तीन टक्के धरतो. आज तुम्हाला वर्षाला सुमारे १२,५५० पौंड मिळतात. तुम्ही लेस्टरलाच राहिलात तर दहा वर्षांनी आठवड्याचा दर ३२४ पौंडांच्या घरात असेल, वीस वर्षांनी ४३६ च्या. कोल्हापुरात तो २४१.३० च राहील. पहिल्या वर्षी तुमचं नुकसान ३७६ पौंड, दुसऱ्या वर्षी ७६४, असं वाढत वाढत दहा वर्षांत एकूण साडेबावीस हजारांवर आणि वीस वर्षांत शहाण्णव हजार पौंडांवर जातं. म्हणजे पहिल्या दहा वर्षांत जे जातं त्याच्या जवळपास सव्वातीन पट पुढच्या दहा वर्षांत जातं. हे नुकसान सत्तरीत फारसं जाणवत नाही. पंच्याऐंशीव्या वर्षी जाणवतं, जेव्हा घरात चोवीस तासांची बाई ठेवावी लागते.

यावर तुम्ही म्हणाल की रुपया घसरतोच, पौंड वाढतोच, तेवढं भरून निघेल. माझे निम्मे परदेशी अशील हेच म्हणतात. २००५ साली पौंड ८० रुपयांच्या आसपास होता. आज हिशेबासाठी ११५ धरू. वर्षाला दोन टक्केही वाढ होत नाही. त्याच वीस वर्षांत आपल्याकडचा महागाई निर्देशांक तिपटीहून पुढे गेला. तेव्हा रुपयाच्या घसरणीवर म्हातारपण टाकू नका.

तरीही जाणं रद्द करू नका. का ते सांगतो.

तुम्ही कोल्हापूरचा खर्च महिन्याला ९५ हजार काढलाय; मोलकरीण, गाडी, वर्षातून एकदा लेस्टरची फेरी, सगळं धरून. वर्षाचे ११ लाख ४० हजार. तुमची एकटी सिव्हिल सर्व्हिस पेन्शनच ११५ च्या दराने १३ लाखांवर जाते. म्हणजे जी पेन्शन वाढते, तिच्यावर तुमचा संसार आजच चालतो. स्टेट पेन्शनचे वर्षाचे साडेचौदा लाख वरकड आहेत. तुमच्या जागी ज्यांच्याकडे फक्त स्टेट पेन्शन आहे अशी माणसं मला भेटतात, बसचालक, गिरणी कामगार, कोपऱ्यावरचे दुकानदार, आणि त्यांना मी कायमचं परतू नका असं अनेकदा सांगितलंय. तुमची गोष्ट वेगळी आहे.

म्हणून माझा मुख्य सल्ला हा: घर वाढणाऱ्या पेन्शनवर चालवा आणि गोठलेल्या पेन्शनला घरखर्चात शिरूच देऊ नका. दोन्ही एका खात्यात आल्या की दोन वर्षांत खर्च पंचवीस लाखांवर जातो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता आश्चर्य वाटत नाही. खातीच वेगळी ठेवा. स्टेट पेन्शनमधून कर, आरोग्य विमा आणि विमानाचं तिकीट भागवा, आणि उरलेल्यातले निदान आठ-नऊ लाख दरवर्षी बाजूला टाका. पहिल्या दहा वर्षांत ही गोठलेली पेन्शन तुमच्या गरजेपेक्षा जास्त आहे, पुढच्या दहांत ती कमी पडणार आहे. आजचा जास्तीचा भाग पुढे सरकवायचा, एवढंच. त्यातले निम्मे मुदत ठेवीत, निम्मे साध्या इंडेक्स फंडात, आणि भाच्याने सुचवलेल्या कुठल्याही स्कीममध्ये काही नाही.

तिकीट मात्र बदला. फेब्रुवारीत निघालात तर २४१.३० वर गोठाल. एप्रिल २०२७ ची वाढ खात्यात जमा झालेली पाहून मग निघालात तर त्या वाढलेल्या दरावर गोठाल. ट्रिपल लॉक आहे तसा राहिला तर ही वाढ अडीच टक्क्यांहून कमी असणार नाही. अडीच टक्के म्हणजे वर्षाला ३१४ पौंड, आयुष्यभर. वीस वर्षांचे सव्वासहा हजार पौंड, दोन महिने थंडी सोसण्याचे. फ्लॅटची वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला करा. मुहूर्त शोधायची गरज नाही आणि आंबेही आलेले असतात.

पेन्शन पुढे ढकलायचाही एक मार्ग आहे, तो तुम्ही विचारला नाहीत पण कुणीतरी सुचवेलच. स्टेट पेन्शन घेणं लांबवलं तर दर नऊ आठवड्यांना एक टक्का, वर्षाला साधारण ५.८ टक्के जास्त मिळतात. ब्रिटनमध्ये राहून असं करण्यात अर्थ असू शकतो. भारतात राहून केलंत तर ती वाढ तुम्ही निघालात त्या वेळच्या दरावर मोजली जाते आणि तीही गोठते. त्यात पडू नका.

आता मित्राचा सल्ला. 'मुलाचा पत्ता राहू दे.' मंडळाच्या गणेशोत्सवात, आरतीनंतर, प्रसादाच्या रांगेत हा सल्ला मिळतो, आणि देणारा नेहमी असंच सांगतो की त्याच्या साडूने दहा वर्षं असंच केलंय. करू नका. परदेशी कायम राहायला जाताना पेन्शन खात्याला कळवणं तुमचं कर्तव्य आहे, आणि न कळवता वाढ घेणं ही सरकारची फसवणूक ठरते. उकरून काढलं तर जास्तीची सगळी रक्कम परत मागतात, खटलाही भरू शकतात. तुमच्या बाबतीत ते उघडकीला येणं आणखी सोपं आहे, कारण कर वाचवण्यासाठी तुम्ही एका कागदावर 'मी भारताचा रहिवासी' असं लिहून देणार आणि दुसऱ्या कागदावर 'मी लेस्टरचा'. एकतीस वर्षं सरकारी फायली हाताळलेल्या माणसाला हे मी सांगायला नको.

त्यापेक्षा नियमातच जे आहे ते घ्या. तुम्ही नातवंडांना भेटायला लेस्टरला गेलात की तेवढ्या मुक्कामापुरती वाढीव दराने स्टेट पेन्शन मागता येते. आणि मोठी गोष्ट: तुम्ही कायमचे परत ब्रिटनला राहायला गेलात तर गोठलेली पेन्शन वितळते, त्या वेळचा पूर्ण दर पुन्हा सुरू होतो. मागची थकबाकी मिळत नाही, पण पुढचं सगळं मिळतं. तिथे पुन्हा रहिवासी झालात की एनएचएसचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा उपचारही. म्हणून लेस्टरचं घर विकू नका आणि मुलाच्या नावावर करून मोकळेही होऊ नका. पंच्याऐंशीव्या वर्षी दोघांपैकी एकटं राहिलेलं माणूस मुलाकडे परत जाऊ शकतं, हाच गोठण्यावरचा तुमचा खरा विमा आहे. त्याच कारणाने ब्रिटिश पासपोर्ट जपा. भारतीय नागरिकत्व परत घेण्याचा विचार पत्राच्या शेवटी आहे, तो भावनेने समजतो, पण त्यात पासपोर्ट जाईल आणि करही बदलेल.

कर कसा, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे आणि ती पत्रात कुठेच दिसली नाही.

आज ब्रिटनमध्ये दोन्ही पेन्शन मिळून तुमचं उत्पन्न २३,९५० पौंडांच्या आसपास. त्यातले १२,५७० करमुक्त, उरलेल्यावर २० टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे २,२७५ पौंड कर. भारत आणि ब्रिटन यांच्या दुहेरी कर टाळण्याच्या कराराप्रमाणे सरकारी नोकरीच्या पेन्शनवर कर लावायचा हक्क फक्त ती देणाऱ्या सरकारचा असतो. अपवाद एकच: माणूस दुसऱ्या देशाचा रहिवासी आणि नागरिकही असेल तर. तुम्ही भारताचे रहिवासी व्हाल, पण नागरिक नाही. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. तेव्हा सिव्हिल सर्व्हिस पेन्शनवर कर ब्रिटनमध्येच, आणि ११,४०० ही रक्कम करमुक्त मर्यादेच्या आत आहे. ब्रिटिश नागरिकाला बाहेर राहूनही ती मर्यादा मिळते. चारेक वर्षांत पेन्शन वाढून मर्यादा ओलांडेल, तेव्हा ओलांडलेल्या भागावर २० टक्के.

स्टेट पेन्शनवर मात्र रहिवासी म्हणून भारतात कर. साडेचौदा लाखांवर नव्या करप्रणालीत सेससकट साधारण एक लाख रुपये, म्हणजे पावणेनऊशे पौंड. एकूण कर आजच्यापेक्षा वर्षाला चौदाशे पौंडांच्या आसपास कमी होतो. वरचे गोठण्याचे आकडे पुन्हा पाहा: पहिल्या वर्षी ३७६, दुसऱ्या वर्षी ७६४, तिसऱ्या वर्षी अकराशे साठ. म्हणजे पहिली तीन वर्षं कराच्या बचतीतच नुकसान भरून निघतं आणि चौथ्या वर्षापासून पदरचं जायला लागतं. पेन्शन गोठते हे सगळे सांगतात. कर कमी होतो हे साडू सांगत नाही.

हे आपोआप होत नाही. ब्रिटनच्या कर खात्याला निघताना कळवायचं आणि कराराखाली सवलतीचा अर्ज करायचा, त्याला भारताच्या आयकर खात्याचा रहिवास दाखला लागतो. इतकी वर्षं बाहेर राहून परतणाऱ्याला पहिली दोन, कधी तीन वर्षं 'रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नाही' असा दर्जा मिळतो आणि परदेशात मिळालेल्या उत्पन्नावर त्या काळात इथे कर नसतो. पण ते उत्पन्न आधी परदेशात मिळायला हवं. थेट कोल्हापूरच्या खात्यात जमा झालं की ते इथेच मिळालं असं धरतात. म्हणून दोन्ही पेन्शन लेस्टरच्या बँकेतच येऊ द्या आणि तिथून लागेल तसे पैसे आणा. या दोन वर्षांत दोन्हीकडून शून्य कर होईल असं मात्र गृहीत धरू नका. ते काम परदेशी उत्पन्नाची विवरणपत्रं नेहमी भरणाऱ्या सीएकडे द्या, गल्लीतल्या ओळखीच्याकडे नको. आणि तुमचे चाळीस हजार पौंड आयसामध्ये, म्हणजे ब्रिटनच्या करमुक्त बचत खात्यात आहेत. ब्रिटनमध्ये ते करमुक्त, पण वरचा दर्जा संपला की भारत त्यावरच्या व्याजाला करमुक्त मानत नाही.

आरोग्य विम्याचं थोडक्यात. कायमचं गेल्यावर एनएचएसच्या रुग्णालयातला फुकट उपचार तुमचा राहत नाही. २०२४ पासून इथल्या विमा कंपन्यांना निव्वळ वयावर बोट ठेवून पॉलिसी नाकारता येत नाही, पण आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. तुम्हाला मधुमेह आहे. पॉलिसी उतरल्या महिन्यातच घ्या आणि त्या तीन वर्षांसाठी आयसातले पंधरा हजार पौंड हात न लावता ठेवा.

आता वहिनी. तीन पानांत त्यांचा उल्लेख दोन ओळींत आहे, आणि मला या सगळ्यात खरी काळजी त्यांची वाटते. तुमचं आधी काही बरंवाईट झालं तर तुमची स्टेट पेन्शन थांबेल. सिव्हिल सर्व्हिसच्या तुमच्या 'क्लासिक' योजनेत पत्नीला निम्मी मिळते, म्हणजे आजच्या भावाने ५,७०० पौंड. बाकी त्यांची स्वतःची स्टेट पेन्शन, जी ६७ व्या वर्षी, २०३० मध्ये सुरू होईल. पूर्ण पेन्शनला ३५ वर्षांची वर्गणी लागते, त्यांची २४ आहेत. ढोबळ हिशेबाने आजच्या दरात आठवड्याला १६५ पौंड.

नोकरी सोडल्यापासूनची दोन वर्षं आणि २०३० पर्यंतची चार, अशी सहा वर्षं त्यांना स्वेच्छेने भरता येतील, तीही भारतात राहून. एप्रिल २०२६ पासून परदेशातून भरायला स्वस्त वर्गणी बंद झाली आहे आणि किमान दहा वर्षांचं वास्तव्य किंवा वर्गणी लागते, त्या बसतात. महाग वर्गणी वर्षाला साडेनऊशे पौंडांच्या आसपास पडते, आणि प्रत्येक वर्ष त्यांच्या पेन्शनमध्ये वर्षाला ३५८ पौंडांची भर घालतं. तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. यापेक्षा चांगला परतावा मी तुम्हाला दाखवू शकत नाही, आणि दुसरं कुणी दाखवत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. सहाही वर्षं भरली की १६५ चे २०७ होतात. आणखी एक: त्यांची पेन्शन सुरू होईल ती २०३० च्या दराने. मधली तीनेक वर्षं भारतात गेली म्हणून त्यांचं काही बुडत नाही, गोठणं सुरू होतं पहिल्या हप्त्यानंतर. तुमच्या घरात गोठण्याचा फटका आधी तुम्हाला, तीनेक वर्षांनी त्यांना. पण त्या तुमच्याहून तीन वर्षांनी लहान आहेत, आणि बायका जगतातही जास्त.

राहिला तुमचा जाड अक्षरांतला प्रश्न. हा अन्याय आहे का?

माझ्या मते आहे. तुमचा सहकारी फ्लोरिडाला मुलीकडे गेला, त्याची स्टेट पेन्शन दर एप्रिलला वाढते. मनिलाला गेला असता तरी वाढली असती. अमेरिका, फिलिपिन्स, तुर्कस्तान, इस्रायल, जमैका, मॉरिशस, सगळे युरोपीय संघाचे देश यांत वाढते, कारण त्यांच्याशी तसे करार किंवा व्यवस्था आहेत. भारत, पाकिस्तान, दक्षिण आफ्रिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे नाही. वर्गणी सगळ्यांनी एकाच दराने भरली. म्हणजे हा खास भारतीयांवरचा राग नाही. गोठलेल्या पेन्शनचे बहुतेक लोक ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातच आहेत. ॲनेट कार्सन नावाच्या बाई दक्षिण आफ्रिकेतून या मुद्द्यावर लढल्या. २००० साली त्यांची मूळ पेन्शन आठवड्याला ६७.५० पौंडांवर गोठली. त्याच पेन्शनचा ब्रिटनमधला दर आज १८४.९० आहे. २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे हरल्या, मग २०१० च्या मार्चमध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढे अकरा विरुद्ध सहा मतांनी हरल्या. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की ही व्यवस्था मुळात ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे, तिची वर्गणी म्हणजे खासगी पेन्शनचा हप्ता नव्हे, आणि बाहेर राहणाऱ्यांची स्थिती त्यांच्याशी तुलना करण्यासारखी नाही. सहा न्यायाधीशांना ते पटलं नव्हतं. मलाही नाही.

यात आपल्याला टोचणारी एक जुनी गोष्ट आहे. स्वातंत्र्यानंतर इथून परत गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनचं काय, हा प्रश्न होता. युद्धकाळात ब्रिटनने भारताचं जे देणं लावलं होतं, त्या स्टर्लिंग शिलकीतून जुलै १९४८ च्या कराराने भारताने १४ कोटी ७५ लाख पौंड केंद्राच्या आणि २ कोटी ५ लाख पौंड प्रांतांच्या पेन्शनांसाठी ब्रिटनला एकरकमी दिले, वर्षासने विकत घ्यावीत तसे. देश फाळणीतून सावरत होता, धान्याला पैसे नव्हते, आणि तरी चेल्टनहॅमला निवृत्त झालेल्या कलेक्टरसाहेबाची पेन्शन पौंडात, वेळेवर मिळण्याची सोय भारताने आगाऊ पैसे मोजून केली. आज त्याच सरकारचा निवृत्त नोकर कोल्हापूरला आला की त्याची स्टेट पेन्शन गोठते. तुमच्या दीड पानांत हे घालायला हरकत नाही.

पण बदलेल या आशेवर हिशेब मांडू नका. भारत आणि ब्रिटन यांच्यात नुकताच व्यापार करार झाला, त्याच्या जोडीने सामाजिक सुरक्षेबद्दलही करार झाला, आणि त्यावरून तुमच्याकडच्या काहींना वाटतंय की आता पेन्शन वाढणार. तो करार तात्पुरत्या नेमणुकीवर जाणाऱ्यांना दोन्ही देशांत वर्गणी भरावी लागू नये एवढ्यापुरता आहे. पेन्शनच्या वाढीचं त्यात काही नाही. खासदाराला पत्र जरूर लिहा. तुम्ही ब्रिटिश नागरिक आहात, बाहेर गेल्यावरही तुमचं मत राहतं.

दोन किरकोळ गोष्टी. पेन्शन खातं अधूनमधून हयातीचा दाखला मागवतं, टपालाने, आणि तो सोळा आठवड्यांच्या आत परत जावा लागतो. टपाल इथे येईपर्यंतच त्यातले काही जातात. उशीर झाला की पेन्शन थांबते आणि पुन्हा सुरू करायला घाम फुटतो, तेव्हा पत्ता नीट द्या आणि दाखला आला त्याच दिवशी भरा. आणि पन्हाळ्याच्या पायथ्याची ती दीड एकर जमीन: ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मिळू शकते. एजंट काही म्हणो, इसार देऊ नका.

वहिनींच्या नॅशनल इन्शुरन्सचा वर्षवार तक्ता सरकारी संकेतस्थळावर मिळतो. तो काढून पाठवा. १६५ आणि २०७ हे आकडे मी वर्षांच्या गुणोत्तराने काढलेत. २०१६ च्या आधीची वर्षं कशी मोजली आहेत ते तक्त्यात दिसेल, आणि कुठली वर्षं भरायची ते त्यावरून ठरवू. वर्गणीचा चेक त्याआधी लिहू नका.